ताडाचे पान, ग्रंथाचे पान

मराठीत आपण पुस्तकाचे 'पान' उलटतो, आप्तांना 'पत्र' लिहितो आणि अभ्यासासाठी 'ग्रंथ' उघडतो. यांपैकी पान आणि पत्र हे शब्द झाडावरून आले, हे वेगळे सांगावयास नको. 'ग्रंथ' या शब्दात गाठण्याचा, गुंफण्याचा अर्थ आहे. सुट्या पानांना भोक पाडून त्यांतून दोरा ओवण्याच्या जुन्या रीतीशी तो नेमका जुळतो. पावसाळ्याच्या तोंडी घरावर आणि मालमोटारीवर जी घालतो तिला आपण 'ताडपत्री' म्हणतो. इंग्रजी टारपॉलिनचा उच्चार मराठीच्या कानाने ताडपत्राशी जुळवून घेतला असावा. कागद फारसीतून नाव घेऊन आला, नंतर छापखाना आला, आता संगणकाचा पडदा आला; पण लिहिलेल्या मजकुराला आपण अजून पानच म्हणतो. ज्या झाडाचे हे पान, ते मात्र आपल्या साहित्यचर्चेत कोठेच नसते. ताड म्हटले की ताडी, फार तर ताडगोळे, एवढेच आपल्याला आठवते.

प्रस्तुत लेखात आम्हांस या झाडाचे गुणगान करावयाचे नाही. आमचे म्हणणे इतकेच की, भारतीय वाङ्मयाची जी परंपरा आपण शिकतो आणि शिकवतो, तिच्या घडणीत या पानाच्या आयुष्यमर्यादेचा मोठा वाटा आहे. उष्ण आणि दमट हवेत ताडपत्र साधारणतः दोन-तीन शतके टिकते. त्यापुढे ग्रंथ जगायचा असेल तर कोणीतरी तो पुन्हा लिहून काढावा लागतो. म्हणजे आपल्यापर्यंत पोहोचलेले प्रत्येक प्राचीन पुस्तक अनेक पिढ्यांनी पुनःपुन्हा निवडलेले पुस्तक आहे. ही निवड कोणी केली, कशासाठी केली आणि तिच्यात काय गळून पडले, हे प्रश्न वाङ्मयेतिहासाचेच आहेत.

प्रथम झाडाविषयी. 'ताडपत्र' या एका नावाखाली दोन निरनिराळ्या वृक्षांची पाने येतात. एक आपला परिचित ताड, वनस्पतिशास्त्रातला बोरासस फ्लॅबेलिफर. संस्कृतात याला ताल, आणि दुसऱ्यापासून वेगळा दाखवायचा असेल तेव्हा खरताल म्हणतात. दुसरा श्रीताल, म्हणजे कोरिफा अम्ब्रॅक्युलिफेरा, इंग्रजीत टॅलिपॉट. हा श्रीलंका, केरळ आणि कानडी किनाऱ्याकडचा. त्याचे एक पान पाच मीटरपर्यंत रुंद होते. मल्याळम भाषेत त्याला कुडप्पन म्हणजे छत्रीचा ताड म्हणतात, कारण एका पानाखाली माणसे पावसात उभी राहू शकतात. श्रीताल तीस ते ऐंशी वर्षे वाढतो, मग एकदाच शेंड्यावर प्रचंड फुलोरा धरतो, फळे देतो आणि मरतो. त्याच्या कठीण बिया म्हणजे 'बजरबट्टू'. लहान मुलांना दृष्ट लागू नये म्हणून त्या बांधण्याची चाल आपल्याकडे होती. श्रीताल महाराष्ट्रात क्वचितच दिसतो, पण त्याचे बी असे घरोघर येऊन गेले आहे.

दोन्ही पानांत फरक आहे. ताडाचे पान जाड, राठ आणि अरुंद. त्याची लिहिण्याजोगी पट्टी तीन-चार सेंटिमीटर रुंदीची. श्रीतालाचे पान पातळ, लवचीक आणि बरेच रुंद. रूडॉल्फ होर्नले यांनी १९०० साली ताडपत्र, कागद आणि भूर्जपत्र यांवर लिहिलेल्या निबंधात उत्तर भारतातील जुन्या पोथ्या तपासून असे दाखवले की, त्या प्रामुख्याने श्रीतालाच्या आहेत. साध्या ताडाचा वापर नंतरचा. या निष्कर्षाचा एक अर्थ फार महत्त्वाचा आहे. नेपाळात, बंगालात, गुजरातेत श्रीतालाची वने नाहीत. तेव्हा तेथील विद्या दक्षिणेकडून आणलेल्या पानांवर लिहिली जात होती. सातव्या शतकात ह्युएनत्संगाने कोंकणपुराच्या उत्तरेस तालवृक्षांचे सुमारे तीस ली घेराचे वन असल्याचे नमूद केले आहे, आणि त्याची लांब, रुंद, तुळतुळीत पाने भारतातील सर्व देशांत लिहिण्यासाठी वापरतात असेही लिहिले आहे. कोंकणपुर म्हणजे नेमके कोणते गाव यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण पश्चिमेकडच्या दक्षिण भागातून कोरी पाने देशभर जात, हे यावरून स्पष्ट होते.

पान झाडावरून उतरले की लगेच त्यावर लिहिता येत नाही. पुरते न उमललेले कोवळे पान निवडायचे, मधली शीर काढून पट्ट्या सोडवायच्या, त्या पाण्यात उकळायच्या, सावलीत वाळवायच्या, मग गुळगुळीत गोल लाकडावर घासून त्यांना झिलई आणायची. नंतर सर्व पट्ट्या एका मापाने कापून त्यांना एक किंवा दोन भोके पाडायची आणि वरखाली लाकडी फळ्या ठेवून दोरी ओवायची. लिहिण्याच्या पद्धती दोन. उत्तरेकडे बोरूने शाई लावून लिहीत. दक्षिणेत आणि ओरिसात लोखंडी टोकदार लेखणीने अक्षर पानावर कोरीत, आणि मग काजळी व तेल चोळून ते काळे करीत. कोरलेले अक्षर काजळी चोळेपर्यंत जवळजवळ अदृश्य असते. लिहिणारा बोटांच्या अंदाजाने लिहितो, आणि ओळ वाचता येते ती नंतर.

या कोरण्यामुळे लिप्यांना वळण लागले असे सामान्यतः सांगतात. पानाच्या शिरा आडव्या धावतात. आडवी सरळ रेघ जोराने ओढली तर पान चिरते. म्हणून ओडिया, मल्याळम, सिंहली, ब्रह्मी या लिप्या गोलाकार झाल्या, असा हा युक्तिवाद आहे. तो सर्वस्वी खोटा नाही. ओडिया अक्षरांच्या माथ्यावरची कमान पाहिली की तो पटतो. परंतु तमिळ लिपीही त्याच पानावर, त्याच लेखणीने कोरली गेली आणि तरी तिच्यात कोन आणि सरळ रेघा राहिल्या. साधनाने लिपी घडवली असे एका दमात म्हणण्यापेक्षा, साधनाने काही वाटा अवघड केल्या आणि प्रत्येक लिपीने आपल्या परीने मार्ग काढला, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

मजकुरावर झालेला परिणाम मात्र अगदी निश्चित दाखवता येतो. तमिळमध्ये स्वरहीन व्यंजनावर टिंब देतात. पानाला टिंबाने भोक पडण्याची धास्ती, म्हणून लेखक ते गाळीत. ऱ्हस्व व दीर्घ 'ए' आणि 'ओ' यांत भेद दाखवला जात नसे. तो दाखवण्याची आजची रीत अठराव्या शतकात इटालियन मिशनरी बेस्की यांनी रूढ केली असे मानतात. 'र' हे अक्षर आणि 'आ'काराचे चिन्ह सारखेच दिसे. शब्दांमध्ये जागा नाही, पद्याच्या ओळी वेगळ्या नाहीत, सगळे सलग. अशी पोथी वाचणारा ती डोळ्यांनी वाचत नसून आधी पाठ असलेल्या गोष्टीशी ताडून पाहत असे. आपण 'मौखिक परंपरा' आणि 'लिखित परंपरा' असे जे दोन कप्पे करतो, ते ताडपत्रापुढे टिकत नाहीत. पोथी ही आठवणीची सोबतीण होती. म्हणणारे संपले की पोथीही मुकी होत असे.

या सर्वाचे भान प्राचीन लेखकांना होते काय? होते, आणि त्याचा उत्तम साक्षीदार राजशेखर आहे. इ. स. ९०० च्या सुमारास कनोजच्या दरबारी असलेला हा कवी यायावर कुळातला. त्याचा पणजा अकालजलद याला त्याने महाराष्ट्राचा चूडामणी म्हटले आहे, तेव्हा हा लेखक आपल्याला परका नाही. 'काव्यमीमांसे'च्या दहाव्या अध्यायात त्याने कवीच्या जवळ कोणकोणते साहित्य असावे याची यादी दिली आहे. तीत फळी व खडू आहे, लेखणी आणि शाईचे पात्र आहे, ताडिपत्रे किंवा भूर्जाची साल आहे, लोखंडी काट्यांसह तालाची पाने आहेत, आणि चांगल्या घोटलेल्या भिंतीही आहेत. शाईचे लेखन आणि काट्याचे लेखन या दोन्ही रीती त्याला ठाऊक आहेत. पण याहून मोलाचे पुढे आहे. रचना पूर्ण झाली की तिच्या अनेक प्रती कराव्यात असे तो सांगतो आणि ग्रंथनाशाची कारणे मोजतो: दुसऱ्याकडे ठेव म्हणून ठेवणे, विकणे, दान देणे, देश सोडून जाणे, कर्त्याचे अल्पायुष्य, ग्रंथ त्रुटित राहणे, आग आणि पाणी.

काव्यशास्त्राच्या ग्रंथात ही यादी यावी, याकडे आपल्या वर्गांतून फारसे लक्ष दिले जात नाही. रस, रीती, कविसमय यांवर आपण बोलतो. पण राजशेखराच्या लेखी पानांची काळजी हाही कविकर्माचाच भाग आहे. त्याच्या स्वतःच्या ग्रंथाचे काय झाले ते पाहावे. 'काव्यमीमांसा' अठरा अधिकरणांची योजली होती. आज हाती आहे ते केवळ पहिले अधिकरण, आणि तेही जैन भांडारांतील पोथ्यांच्या आधारे १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून छापले गेले तेव्हा सर्वांच्या दृष्टीस पडले. ग्रंथ कसे नष्ट होतात हे सांगणारा ग्रंथच आपल्याला एक अष्टमांशाहूनही कमी मिळाला आहे.

राजशेखराची यादी हाती धरून पुढचा इतिहास वाचता येतो. 'देशत्याग' त्याने नाशाचे कारण मानले, पण पुष्कळदा नेमक्या त्यानेच ग्रंथ तारले. संस्कृत नाटकाचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने हस्तलिखित अवशेष ताडपत्रावर आहेत, आणि ते सापडले मध्य आशियात, किझिल येथे, जेथे ताडाचे रोपही उगवत नाही. अश्वघोषाच्या 'शारिपुत्रप्रकरणा'चे तुकडे त्यांत होते; हाइनरिश ल्यूडर्स यांनी ते १९११ साली प्रसिद्ध केले. कोरड्या वाळवंटाने जे सांभाळले, ते पानाच्या जन्मभूमीतल्या पावसाने सांभाळले नसते. काठमांडूत इ. स. ८७८ ची सुश्रुतसंहितेची पोथी आहे. जेसलमेर आणि पाटणच्या जैन भांडारांत बाराव्या-तेराव्या शतकांतली पाने सुस्थितीत आहेत. दक्षिणेत मात्र चारशे-पाचशे वर्षांपलीकडची पोथी दुर्मीळ. म्हणजे ज्या प्रदेशाने पाने दिली, त्या प्रदेशाकडे सर्वांत कमी जुनी पाने उरली.

तरीही दक्षिणेने ग्रंथ राखले. पान टिकवून नव्हे, तर पुन्हा लिहून. १९०५ साली म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात तंजावरकडील एका पंडिताने आणून दिलेल्या ग्रंथलिपीतील पोथीत शामशास्त्री यांना कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' मिळाले; ते १९०९ साली छापले गेले. त्याच वर्षी त्रावणकोरात पद्मनाभपुरम्‌जवळ गणपतिशास्त्री यांना मल्याळम लिपीतील ताडपत्रांत ती नाटके सापडली, जी १९१२ पासून भासाच्या नावाने प्रसिद्ध झाली. सर्व तेरा नाटके भासाचीच का, हा वाद अद्याप मिटलेला नाही. परंतु ती केरळातच का उरली, या प्रश्नाचे उत्तर मोठ्या प्रमाणात देता येते: तेथे चाक्यार मंडळी कूडियाट्टमात 'प्रतिमा', 'अभिषेक' अशा नाटकांचे अंक रंगमंदिरात करीत होती. ज्याचा प्रयोग होतो त्याची नवी प्रत होते. देवगिरीच्या यादवांच्या काळी, १२५८ साली, जल्हणाच्या नावे सिद्ध झालेल्या 'सूक्तिमुक्तावली'त राजशेखराच्या नावावर एक श्लोक आहे. त्याचा आशय असा की, भासाची नाटके परीक्षेसाठी आगीत टाकली असता 'स्वप्नवासवदत्त' तेवढे जळाले नाही. महाराष्ट्रात ते नाटक अशा एका आठवणीपुरते राहिले आणि केरळात ते पानावर राहिले.

आग ही नेहमी अपघाताची नसे. तमिळ संघम् साहित्याचे संपादक उ. वे. स्वामिनाथ अय्यर (१८५५–१९४२) यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे की, जीर्ण पोथ्या आडी महिन्यात नदीच्या पुरात सोडून देण्याची चाल होती, आणि करिवलंवंदनल्लूर येथील देवळातल्या पोथ्या शास्त्राज्ञा म्हणून तुपात बुडवून होमात अर्पण केल्या गेल्या. यात द्वेष नव्हता, भक्तीच होती. जुन्या मूर्तीचे विसर्जन करावे तसे जुन्या पानांचे विसर्जन. मात्र आधी नवी प्रत करून मग जुनी सोडावी, हा त्या आचाराचा पूर्वार्ध लोक विसरले आणि उत्तरार्ध तेवढा उरला. अय्यरांनी 'जीवक चिंतामणी' १८८७ मध्ये, 'शिलप्पदिकारम्' १८९२ मध्ये आणि 'पुरनानूरु' १८९४ मध्ये छापले. यांतल्या कित्येक कृतींची नावे विद्वानांनाही केवळ ऐकून ठाऊक होती. द्वेषाची आग वेगळी. १९८१ साली जाफना येथील सार्वजनिक ग्रंथालय जाळले गेले तेव्हा सुमारे ९७,००० पुस्तकांबरोबर ताडपत्रेही गेली, आणि तेव्हा कोणी नवी प्रत करून ठेवली नव्हती.

येथवर आम्ही लिहिणाऱ्यांविषयी बोललो. पान उतरवणाऱ्याविषयी बोलल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. ताड हे कष्टाचे झाड आहे. त्याची ताडी, नीरा आणि गूळ, फळातले गोळे, खोडाच्या तुळया, पानांचे छप्पर, पंखे, चटया, टोपल्या, धाग्यांचे कुंचले. तमिळातील 'तालविलासम्' या काव्यात त्याचे ८०१ उपयोग सांगितले आहेत असे वारंवार उद्धृत केले जाते. १९३४ साली वर्ध्यास स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने ताडगुळाचा पुरस्कार केला. या प्रत्येक उपयोगासाठी कोणीतरी कमरेला दोर बांधून वीस-पंचवीस मीटर चढावे लागते, आणि रसासाठी दिवसातून दोनदा. कोकणात भंडारी माड आणि ताड चढले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर त्यांच्या झाडांवर सरकारी पट्टे आणि कर बसले. तमिळ प्रदेशात हे काम नाडरांचे. १८९७ साली कमुदी येथील देवळात नाडरांनी प्रवेश केला, तो दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, आणि १९०८ साली निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. ज्या झाडाच्या पानावर त्या देवळांतले पुराण आणि स्तोत्र लिहिले जाई, त्या झाडावर चढणे हे देवळाबाहेर राहण्याचे कारण ठरले होते.

परंतु 'चढणारा निरक्षर, लिहिणारा निराळा' असे सरसकट सूत्र मांडले तर तेही चुकेल. डच अधिकारी व्हान ऱ्हीड यांनी सिद्ध केलेला 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्याच्या आरंभी इट्टी अच्युतन् या वैद्याचे १६७५ सालचे निवेदन मल्याळम भाषेत कोरून छापले आहे. अच्युतन् ईळव जातीचा होता, म्हणजे ताडी काढणे हा ज्यांचा परंपरागत व्यवसाय सांगितला जातो त्या समाजाचा. त्याच्या घरी वनस्पतींवरचे वंशपरंपरागत ग्रंथ होते आणि त्यांच्या आधारे त्याने माहिती सांगितली. त्या महाग्रंथात ताड आणि श्रीताल हे दोन्ही वृक्ष आहेत. विद्या किती घरांतून होती, याचा आपला अंदाज उरलेल्या पोथ्यांवरून केलेला आहे; आणि पोथ्या उरल्या त्या मठांत, राजवाड्यांत आणि भांडारांत. वैद्याच्या झोपडीतल्या पोथीला त्याच पावसाने गाठले, पण तिची नवी प्रत करणारा लेखक पदरी ठेवणे तेथे परवडणारे नव्हते. निवड गुणांची असते तशी ऐपतीचीही असते.

मराठी ग्रंथरचना मुख्यतः कागदावर वाढली, म्हणून हा प्रश्न आपला नव्हे असे कोणाला वाटेल. तंजावरच्या सरस्वती महालात मराठी कागदी पोथ्या संस्कृत ताडपत्रांच्या शेजारी आहेत; तेथील संस्कृत पोथ्यांची वर्गीकृत सूची बर्नेल यांनी १८८० साली प्रसिद्ध केली. आपली कागदी पोथीही आडवी, सुटी आणि फळ्यांत बांधलेली राहिली. पश्चिम भारतातल्या कित्येक जैन कागदी पोथ्यांच्या मध्यभागी दोऱ्याची गरज नसताना भोकाच्या जागी नक्षीचे वर्तुळ काढलेले दिसते. छापील 'गुरुचरित्र' आजही पोथीच्या आकारात मिळते. आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती? तिच्या आधारसामग्रीत काश्मीरचे भूर्जपत्र आहे, कागद आहे, आणि तेलुगु, ग्रंथ, मल्याळम लिप्यांतील दक्षिणी पोथ्या आहेत, ज्यांत ताडपत्रांचा मोठा भरणा आहे. सुखठणकरांनी पाठभेदांची जी वंशावळ मांडली, ती मुळात नष्ट झालेल्या पानांची वंशावळ आहे. पृष्ठाच्या तळाशी बारीक टायपात जे पाठभेद आपण ओलांडून पुढे जातो, त्यांतला प्रत्येक पाठ कोणीतरी एका वेळी एक अक्षर करून कोरलेला आहे.

२००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन स्थापन झाले. पोथ्यांची नोंद आणि छायाप्रती करण्याचे काम त्यानंतर पुष्कळ पुढे गेले. राजशेखराचा अनेक प्रतींचा उपदेश आता सहज पाळता येतो. पण तमिळ पोथीने शिकवलेली गोष्ट विसरता कामा नये: पान राहिले आणि वाचणारा गेला, तर काजळी न चोळलेल्या अक्षरासारखे ते डोळ्यांसमोर असून दिसत नाही. ग्रंथलिपी, नंदिनागरी, मोडी वाचणाऱ्यांची संख्या घटते आहे. साहित्याच्या विभागांत लिपिवाचनाचा एक तास असावा, ही मागणी आम्ही पुरातनाच्या प्रेमापोटी करीत नाही. परंपरा नव्या प्रतीने टिकते, आणि नवी प्रत करायला आधी जुनी वाचता यावी लागते.